अडीच ते तीनचा रकाना

नाही, ते पेन आधी पर्समध्ये ठेवा. चार ते साडेचारच्या रकान्यात माझं नाव तुम्ही लिहायला घेतलंत, मी हो म्हणायच्या आधी. मी हो म्हटलं का? नाही म्हटलं. मी ‘बसा’ म्हटलं — आणि आमच्या खडकीत बसाचा अर्थ बसा एवढाच होतो. सोजरबाईंची सून ना तुम्ही? हां. चेहऱ्यावरून नाही ओळखलं, लग्नाला आलो होतो पण तेव्हा तुम्ही फुलांच्या आड होतात — त्या कागदावरून ओळखलं. रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेत सांगितलं ना, सोजरबाईंचा दानिएल वाकडच्या पुलाजवळ दुचाकीवरून पडला, डोक्याला मार आहे, शुद्धीवर नाही, मंडळीनं प्रार्थनेत आठवण ठेवावी. मंडळीनं ठेवली. सगळ्यांनी मान खाली घातली, आमेन झाल्यावर वर केली, आणि बाहेर येऊन हंगामाच्या सणाला मांडव कोणाकडून घ्यायचा यावर पाऊण तास वाद घातला. मीही होतो त्यात, तुमच्यापासून काय लपवायचं. मांडवाबद्दल माझं ठाम मत आहे.

म्हणजे आज सहावा दिवस. आणि अजून डोळे उघडले नाहीत. हं.

द्या, बघू तो तक्ता. कॉम्प्युटरवर काढलाय — रेघा सरळ आहेत, रकाने सारखे आहेत, वर कबुतरही घातलंय. छान. आमच्या वेळी कबुतर नव्हतं. आमच्या वेळी कॅलेंडरची पाठ असायची आणि फूटपट्टी असायची, आणि ती फूटपट्टी माझी असायची. चोवीस तासांची साखळी, अर्ध्या अर्ध्या तासाचे अठ्ठेचाळीस रकाने, प्रत्येक रकान्यात एक माणूस — एक गुडघ्यांवरून उठला की दुसऱ्यानं आपापल्या घरी गुडघे टेकायचे. मध्ये खंड पडता कामा नये. पडला तर काय होतं? ते कोणी सांगितलेलं नाही. पण सगळे असे वागतात, जणू देवबाप वर फोन कानाला लावून बसलाय आणि इकडून अर्धा तास आवाज आला नाही तर ठेवून देईल. मीही तसाच वागायचो. मी तर जास्तच — मी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासणी खात्यात होतो, एकतीस वर्षं. तिथं एक नग न तपासता पुढे गेला तर काय होतं हे भिंतीवर लिहायची गरज नसते. ती सवय मी मंडळीत आणली. साखळी सुरू झाली की सायकल काढायचो आणि फिरायचो, कोण खरंच प्रार्थनेला बसलंय आणि कोण नाही. गोपाळकृष्ण म्हणून आमचे एक पंच होते, भले गृहस्थ, त्यांना मी त्यांच्या अर्ध्या तासात बाजारात कोथिंबिरीची जुडी निवडताना धरलं. म्हणाले, मनातल्या मनात चालू आहे. मी म्हटलं, असेल, पण भाव करणंही चालू आहे आणि ते मात्र मोठ्यानं चालू आहे. पुढची दोन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. मला काही फरक पडला नाही, साखळी शाबूत राहिली.

संपतची गोष्ट सांगितली असेल तुम्हाला. त्याशिवाय कोणी हिंजवडीहून त्या रहदारीतून दीड तास घालवून माझ्याकडे येत नाही. पावणेदोन तास? बघा. काय सांगितली? — बरोबर, बरोबर. तारखा चुकल्या, पण एकंदर बरोबर. सन एक्क्याण्णव. विजयमालाबाई म्हणून होत्या आमच्या मंडळीत, नवरा लवकर गेलेला, एकुलता एक संपत, एकोणीस वर्षांचा. मेंदूज्वर झाला, चार दिवस बेशुद्ध. डॉक्टर म्हणाले, आता वरच्याच्या हाती — डॉक्टर हे वाक्य कधी म्हणतात ते तुम्हाला माहीत झालं असेल आता. साखळी लावली. तक्ता मी केला, देवळाच्या दारात टांगला. दुपारी अडीच ते तीन माझा रकाना. आणि पावणेतीन वाजता संपतनं डोळे उघडले. पहिलं काय बोलला? आईचं नाव नाही, देवाचं नाव नाही. ‘पंखा बंद करा’ म्हणाला.

मग विजयमालाबाईंच्या घरी उपकारस्तुतीची सभा झाली. साक्ष द्यायला त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या — मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं, पावणेतीन. नंतर देवळात जाऊन तक्ता बघितला, अडीच ते तीन, दिगंबरराव. रडायला लागल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली. लोक म्हणाले, बघा, माणूस किती नम्र आहे. तेव्हापासून मी प्रार्थनावीर. मंडळीच्या छापील अहवालात तसं आलंय, फोटोसकट — फोटोत माझे डोळे भक्तीनं मिटलेले दिसतात, ते खरं म्हणजे फ्लॅशमुळे मिटलेत.

आणि मग सुरू झालं. साखरपुडा, दिगंबरराव प्रार्थना करा. बारावीचा निकाल, पासपोर्ट, हर्नियाचं ऑपरेशन — दिगंबरराव. एकानं नवी गाडी घेतली, म्हणाला बॉनेटवर हात ठेवून करा. केली. बारा मिनिटं केली, ऊन होतं, हात पोळला. मला येते हो चांगली प्रार्थना. आवाज आहे, शब्द आहेत, कुठं थांबायचं आणि कुठं कापऱ्या आवाजात म्हणायचं ते कळतं. आधी स्तुती करायची — हे परमदयाळू, हे सर्वसमर्थ, तू चंद्रतारे निर्माण केलेस — आणि मग हळूच मागणं काढायचं. साहेबाकडे रजेचा अर्ज नेताना आपण आधी साहेबाच्या मुलीच्या नाचाच्या क्लासची चौकशी करतो, त्यातलाच प्रकार. त्याला कळत नसेल असं वाटतं तुम्हाला? साहेबालासुद्धा कळायचं. संपतनं मुलाचं नाव काय ठेवलं माहितेय? दिगंबर. मंडळीत दोन दिगंबर आहेत आता, एक बाविसाव्या वर्षी मोबाइलमध्ये तोंड घालून बसतो तो, आणि एक मी. तो समोर आला की मी रस्ता बदलतो. का ते विचारू नका.

पण तुम्ही ऐका, मी तुम्हाला सरळ सांगतो — माझं नाव नको. पाळकसाहेबांना सांगा, तरुण संघाला सांगा, त्यांची फार इच्छा असते. मी आता साखळीत बसत नाही. पाच वर्षं झाली. श्यामला गेल्यापासून. श्यामला म्हणजे माझी बायको — हा फोटो तिचाच. नाही, तिच्या दुःखामुळे नाही, दुःखानं लोक उलट जास्त प्रार्थना करतात. असंच. गुडघे दुखतात, असं समजा. डॉक्टरांचा कागद दाखवू का?

एक विचारू? तुम्हाला माझ्याकडे पाठवलं कोणी? सोजरबाईंनी? नाही? पाळकसाहेबांनी? मग कोणी — काय म्हणालात? पुन्हा सांगा. सरोजिनीबाईंनी. सरोजिनीबाई साळवे, तिसऱ्या मजल्यावरच्या, चष्मा दोरीनं गळ्यात असतो त्या? काय म्हणाल्या? नाही, नेमकं काय म्हणाल्या, त्यांचे शब्द सांगा. ‘दिगंबररावांकडेच जा.’ कडेच. असं म्हणाल्या? म्हणताना हसल्या का? आठवून सांगा, हे महत्त्वाचं आहे. नाही हसल्या.

थांबा, मला पाणी पिऊ द्या.

तुम्हाला ठाऊक नाही ना काही? तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय नाही ठाऊक. ही बाई — सत्तावीस वर्षं ही बाई दर रविवारी माझ्या मागच्या बाकावर बसते. लोक मला प्रार्थनावीर म्हणतात तेव्हा घसा खाकरत नाही, शेजारणीला कोपरानं ढोसत नाही, काही नाही. गीताचं पान उलटते. मला किती वेळा वाटलं, एकदा उठावं हिनं आणि सांगून टाकावं सगळ्यांना, सुटेन मी. नाही उठली. मला वाटायचं ही माझी मान अशीच धरून ठेवणार आहे, सावकाश, मरेपर्यंत. आणि आता ती तुम्हाला पाठवते. कडेच म्हणून.

त्या दिवशी दोन ते अडीच सरोजिनीबाईंचा रकाना होता. त्यांच्यानंतर माझा. मी घरी शांत बसायला हवं होतं की नाही? बसायला हवं होतं. पण मला संशय — या बाईच्या घरी चार माणसं जेवायला, ही दोनला काय गुडघे टेकतेय. सव्वादोनला सायकल काढली, जिने चढलो, गॅलरीतून त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत डोकावलो. तर बसल्या होत्या. ओट्यापाशी, डोक्यावरून पदर, डोळे मिटलेले. मी खरं तर परत फिरणार होतो. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, आणि त्यांनी एक डोळा उघडून हात वर केला आणि गॅस बंद केला. आणि मी — खिडकीतून — म्हटलं, रकाना अजून संपलेला नाही.

पुढचं काय सांगू. त्या म्हणाल्या, दुसऱ्यांच्या खिडकीतून बघायला तुम्हाला कोणी नेमलं? मी म्हटलं, देवाशी बोलताना कुकर? त्या म्हणाल्या, देवाला कुकर कळतो, तुम्हाला कळत नाही. मग जुनं सगळं निघालं. गायकगटात त्यांच्या भाचीला मी घेतलं नव्हतं ते निघालं. माझ्या नाताळच्या केकमध्ये मनुका कमी असतात हे निघालं — माझ्या म्हणजे श्यामलाच्या, तिचा काय संबंध? शेजारी दारात आले. अडीचच्या आधी सुरू झालेलं भांडण थांबलं तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. मी घड्याळ बघितलं. माझा रकाना कुठं गेला? जिन्यावर गेला. एक शब्द, एक आमेनसुद्धा संपतच्या वाट्याला गेलं नव्हतं. मी खाली उतरलो, सायकलवर देवळात गेलो, आणि अडीच ते तीनच्या रकान्यात माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली. शाईच्या पेनानं. तपासणी खात्यात एकतीस वर्षं, आणि आयुष्यात न तपासता पास केलेला तो एकच नग. संध्याकाळी निरोप आला, संपत शुद्धीवर आला, पावणेतीन वाजता.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? सांगून टाकायला हवं होतं, बरोबर. विजयमालाबाई माझे दोन्ही हात धरून रडत होत्या तेव्हा? की अहवाल छापून आल्यावर? की संपतनं पोराचं नाव ठेवलं तेव्हा? दर वेळी वाटायचं, आता उशीर झाला.

श्यामलालासुद्धा नाही सांगितलं. तिला फार कौतुक होतं त्या गोष्टीचं. पाहुण्यांना चहा देता देता सांगायची. आणि मग ती आजारी पडली, यकृताचं दुखणं, आणि दवाखान्यात नेलं त्या दिवशी मला म्हणाली — अहो, संपतसाठी केली होतीत ना, तशीच माझ्यासाठी करा. फार काही मागायची नाही ती कधी. तशीच करा म्हणाली.

मी तक्ता केला. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस रकान्यांत माझंच नाव लिहिलं, दुसऱ्या कोणावर माझा विश्वास नव्हता. सहा दिवस दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून होतो. डुलकी लागली असेल मध्ये मध्ये, नाही कशी लागणार. पण त्या सहा दिवसांत मी जितकी प्रार्थना केली तितकी आयुष्यात केली नाही, आणि खरी केली. स्तुतीबिती नाही. नुसतं — हिला नेऊ नकोस, हिला नेऊ नकोस. आणि ती रोज थोडी थोडी जास्त पिवळी होत गेली. सातव्या दिवशी दुपारी मऊ भाताचे दोन घास खाल्ले तिनं. मी बाकावरून उठलो, रिक्षा केली, आणि कुठं गेलो?

सरोजिनीबाईंकडे. भांडायला.

हसा हवं तर. तशीच करा म्हणाली होती ना ती. मी तशीच करायला गेलो होतो. जिने चढलो, दार वाजवलं, आणि त्यांनी उघडल्या उघडल्या मी म्हटलं — तुमच्या भाचीला गाता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. मी आवाज चढवला. कुकर काढला, खिडकी काढली, मनुका काढल्या. शेजारी पुन्हा दारात. आणि त्यांना कळलं हो. मला कळलं की त्यांना कळलं. म्हणाल्या, दिगंबरराव, आज मी भांडणार नाही, तुम्ही श्यामलाकडे जा. मी म्हटलं, भांडा. मी हात जोडले त्यांच्यापुढे, म्हटलं, भांडा, पाया पडतो. त्या दाराला धरून रडायला लागल्या. पण भांडल्या नाहीत.

परत पोचलो तेव्हा नर्स पडदा ओढत होती. शेवटी काही बोलली का, मी विचारलं. हो म्हणाली, ‘हे कुठं आहेत’ म्हणून विचारलं. मग? मग नर्स म्हणाली, मी सांगितलं त्यांना, बाहेर प्रार्थनेला बसलेत. तिला काय माहीत, ती रोज मला बाकावर बघायची. आणि श्यामला ‘बरं’ म्हणाली. बरं म्हणाली आणि गेली.

मंडळी भेटायला आली. म्हणाली, देवाची इच्छा. म्हणजे बघा, संपतच्या वेळी देवाची इच्छा माझ्यामुळे होती, आणि श्यामलाच्या वेळी ती देवाची होती. आणि दफनविधीनंतर पंधरा दिवसांनी एक जण आलाच, व्हिसाचं काम अडलंय, तेवढी प्रार्थना.

विश्वास उडाला का, असं विचारायचंय ना तुम्हाला? विचारायला संकोच वाटतोय. नाही उडाला, तीच तर अडचण आहे. उडाला असता तर म्हटलं असतं, योगायोग, मेंदूज्वर कधी कधी उतरतो, यकृत उतरत नाही, आणि निवांत झोपलो असतो. पण मला पक्कं ठाऊक आहे की त्या दुपारी त्यानंच संपतला उठवलं. मी भांडत असताना उठवलं, मला न विचारता. माझा रकाना त्याला लागलाच नाही. आणि श्यामलाच्या वेळी अठ्ठेचाळीस होते, तेही नाही लागले. त्याच्या हातात आहे म्हणतो ना आपण — रोज म्हणतो, गातो, पेटीवर गातो — आणि मग तक्ता घेऊन फिरतो, आपल्या हातात असल्यासारखं. मला हे कळायला बावीस वर्षं लागली. कळलंय म्हणतो, पण अजून रात्री कूस बदलली की वाटतं, त्या दिवशी सरोजिनीबाई भांडल्या असत्या तर. तुम्हीच सांगा, हा काय विश्वास आहे?

आणि ती बाई तुम्हाला माझ्याकडे पाठवते. हसत नाही. का पाठवलं असेल? मला नाही सांगता येत. खरंच नाही येत. तिला माझं सगळं माहीत आहे, आणि तरी.

रडू नका. हे तुम्हाला ऐकवायचं नव्हतं मला, तुम्ही एक नाव लिहायला आला होतात आणि मी तुमच्या नवऱ्याची विचारपूससुद्धा धड केली नाही. आत्ता त्याच्याजवळ कोण आहे? सोजरबाई? लोणीला गेल्यात, कपडे आणायला, संध्याकाळी येतील. मग आत्ता कोण आहे? कोणी नाही. म्हणजे तो एकटा आहे, आणि तुम्ही खडकीत माझ्यासमोर बसलायत, का, तर रकाना रिकामा राहू नये. आत सोडत नाहीत, माहितेय मला, मला पण नाही सोडायचे. बाहेरच्या बाकावर बसा. त्यानं विचारलं तर नर्सला खोटं बोलायची वेळ येऊ देऊ नका. उठा.

तक्ता ठेवा इथं. किती राहिलेत भरायचे, एकोणीस? ठेवा. नाही, माझं नाव नाही लिहायचं, चारलाही नाही आणि कशालाच नाही. आणि ऐका — दानिएल उठला तर उपकारस्तुतीच्या सभेत माझं नाव कोणी घ्यायचं नाही. नाही उठला तर — तर मी येईन तुमच्याकडे, आणि देवाची इच्छा म्हणणार नाही, गप्प बसेन. एवढं कबूल. चला, चप्पल घाला. लोकलच्या भानगडीत पडू नका, कोपऱ्यावर रिक्षा मिळेल. दार नुसतं ओढून घ्या, कडी मी लावीन मागाहून. नाही, थांबू नका, मला आता खाली गुडघ्यांवर बसायला वेळ लागतो, पलंगाला धरून बसावं लागतं, आणि कोणी समोर असलं की मी फार छान बोलायला लागतो. निघा तुम्ही.